तालमीच्या संघाला मोठ्या ब्रँडचं किट घ्यावं का? जरा सविस्तर सांगते

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. तालमीच्या फुटबॉल संघाला यंदा एका दुकानदाराने किटसाठी पैसे दिलेत. बावीस पोरांचे बूट आणि जर्सी घ्यायची आहे. जवळपास सगळ्यांना मोठ्या परदेशी ब्रँडचंच हवंय. त्यातला एक कॉलेजचा पोरगा, तुमचा डावा बॅक, म्हणाला की ह्या कंपन्या व्हिएतनाम-इंडोनेशियात कामगारांना पिळून माल काढतात, आपण त्यांचं घेऊ नये. बाकीच्यांनी त्याची टर उडवली. आता तुम्ही विचारताय की पोरगा म्हणतोय ते खरं का, आणि खरं असलं तरी कोल्हापुरात बावीस जोड न घेतल्याने तिकडच्या बाईला काय फरक पडणार.

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्या भागावर माझी नोकरीची एकोणीस वर्षं गेली, आणि अजूनही दरवेळी उत्तर तेच येतं असं नाही.

मी काय करत होते ते सांगते, मग पटेल तेवढं घ्या. पहिली सहा वर्षं आपल्या जिल्ह्यातल्या एका गारमेंट युनिटात पर्सोनेलला होते. मस्टर, पगारपत्रक, पीएफ, ईएसआय, हेच सगळं. पुढची तेरा वर्षं सोशल ऑडिट केलं, तिरुपूर, बंगळूर आणि अंबूरच्या पट्ट्यात. ब्रँडच्या वतीने कारखान्यात जायचं, कागद तपासायचे, फ्लोअरवर फिरायचं, कामगारांना बाजूला घेऊन बोलायचं आणि रिपोर्ट लिहायचा. परदेशातल्या कारखान्यांत मी गेलेले नाही. तिथलं जे सांगेन ते जाहीर झालेलं आहे.

पोराने वाचलं असेल ते बहुतेक नव्वदच्या दशकातलं. तेव्हा सगळ्यात जास्त नाव गाजलं नायकीचं. ह्या कंपनीने सुरुवातीपासून बूट बहुतांशी दुसऱ्यांच्या कारखान्यात बनवून घेतले. आधी जपान, तिथली मजुरी वाढली तशी कोरिया आणि तैवान, मग इंडोनेशिया, चीन, व्हिएतनाम. १९९२ साली जेफ बॅलिंजर नावाच्या अमेरिकन कामगार कार्यकर्त्याने इंडोनेशियातल्या एका कामगार बाईची पगाराची चिठ्ठीच हार्पर्स मासिकात छापली. हिशेब निघाला तासाला सुमारे १४ सेंट. १९९६ ला लाइफ मासिकात पाकिस्तानातल्या सियालकोटचा एक लहान मुलगा त्या ब्रँडचा फुटबॉल शिवताना जगाने पाहिला. १९९७ ला व्हिएतनाममधल्या एका पुरवठादार कारखान्याचा अर्न्स्ट अँड यंग ह्या हिशेबतपासणीच्या कंपनीने केलेला ऑडिट रिपोर्ट बाहेर फुटला. सोल चिकटवायच्या सोल्युशनमधल्या टोल्युइन ह्या विषारी रसायनाचं हवेतलं प्रमाण काही विभागांत तिथल्या कायदेशीर मर्यादेच्या १७७ पटींपर्यंत गेलं होतं. शेवटी मे १९९८ मध्ये कंपनीचे प्रमुख फिल नाइट वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये उभे राहून स्वतःच म्हणाले की आमचा माल म्हटलं की लोकांना गुलामीचं वेतन, सक्तीची ओव्हरटाइम आणि छळ एवढंच आठवतं.

त्यानंतर बरंच बदललं, हे मान्य करायला हवं. बुटाच्या कारखान्यात १८ वर्षांखाली आणि कपड्यांच्या कारखान्यात १६ वर्षांखाली भरती नाही असं ठरलं. पाण्यावर आधारलेलं सोल्युशन आलं. २००५ ला कंपनीने आपल्या पुरवठादार कारखान्यांची नावं-पत्ते जाहीर केले, आणि एकाने केल्यावर बाकीच्यांना लपवणं अवघड झालं. आज तुम्ही मोठ्या ब्रँडच्या बूट-कारखान्यात गेलात, तर दहा वर्षांचं पोर दिसणार नाही. हजारो लोकांची जागा, कँटीन, दवाखाना, भिंतीवर नियमांचे बोर्ड. असे कारखाने आपल्याकडेही आहेत, तमिळनाडूत चेय्यारला, आंध्रात तडा गावाजवळ, आणि चालवतात तैवानी कंपन्या. म्हणजे तुमच्या प्रश्नातली 'तिकडची बाई' कधी कधी तमिळ नाहीतर तेलुगू बोलते.

तरीपण तुमचा डावा बॅक चुकलेला नाही. पिळवणूक संपली असं म्हणायला मी धजणार नाही. तिने जागा बदलली आणि ती कागदावर दिसेनाशी झाली.

कशी, ते एका ऑडिटवरून सांगते. बंगळूरचं एक युनिट, नाव सोडा. टाइमकार्डं इतकी देखणी की तीन महिन्यांत एकही बाई संध्याकाळी सहाच्या पुढे थांबलेली नाही. कारखाना आणि घर दोन्ही चालवलेल्या माणसाला हे बघूनच शंका येते. मी सुईचं रजिस्टर मागितलं. गारमेंटमध्ये मशीनवर सुई तुटली की तिचे सगळे तुकडे शोधून सेलोटेपने वहीत चिकटवायचे आणि शेजारी मशीन नंबर, तारीख, वेळ लिहायची असा नियम असतो, कारण एखादा तुकडा कपड्यात राहिला तर घालणाऱ्याला टोचेल. ही वही क्वालिटीवाल्यांची. एचआरला तिची आठवणही नसते. पान उघडलं, तर लाईन तीन, ओव्हरलॉक, मशीन अकरा, तीन तुकडे व्यवस्थित चिकटवलेले, वेळ रात्री नऊ चाळीस. टाइमकार्डाप्रमाणे त्या मशीनवरची बाई सहालाच घरी गेलेली.

तिला बाजूला घेतलं. बेळगावकडची निघाली, मराठी बोलणारी. मला वाटलं आता मोकळी होईल. ती म्हणाली, "ताई, तेवढं लिवू नका. ओटी बंद पडली तर हातात काय उरतंय माझ्या?"

मी लिहिलं. लिहिणं माझं काम होतं आणि आजही मला ते बरोबर वाटतं. पण पुढे काय झालं तेही सांगायला हवं. काही महिन्यांनी फेरतपासणीला गेले तेव्हा ओव्हरटाइम खरोखर कमी झाली होती, आणि तासाचं टार्गेट वाढवून तेवढाच माल काढला जात होता. पाण्याला उठायला बायका कचरत होत्या, कारण पाच मिनिटं उठलं की मागे बंडलं साचतात आणि सुपरवायझर सगळ्यांदेखत बोलतो. पगार मात्र कमी झाला, कारण मूळ पगार होता तेवढाच राहिला. आणि सुईच्या वहीतली शेवटची वेळसुद्धा आता सहाच्या आतली होती.

तो कारखानदार राक्षस होता का? नव्हता. लबाड होता, पण त्याच्या मानेवर कोण बसलं होतं तेही बघा. प्रत्येक मोठ्या ब्रँडमध्ये दोन खाती असतात. एक कम्प्लायन्सचं, जे माझ्यासारखीला पाठवतं आणि म्हणतं, आठवड्याला साठ तासांच्या वर काम नको. दुसरं खरेदीचं. ते रंगाचा नमुना आठ दिवस उशिरा मंजूर करतं, पण शिपमेंटची तारीख हलवत नाही. उशीर झाला तर माल विमानाने पाठवा, भाडं तुमचं, नाहीतर बिलात कपात. ते आठ दिवस कुठून तरी काढायचे असतात, आणि ते निघतात लाईन तीनच्या रात्रींतून. माझ्या तेरा वर्षांत मला कधीही कुणी ब्रँडच्या खरेदी खात्याचं ऑडिट करायला पाठवलं नाही.

भावाचंही तेच. एक हिशेब मांडते, फक्त अंदाज यावा म्हणून. समजा शिलाईच्या बाईला महिन्याला १२,४८० रुपये पगार आहे. २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे १२,४८० मिनिटं. मिनिटाला एक रुपया. साध्या जर्सीला समजा बारा मिनिटांची शिलाई. कुठलीच लाईन शंभर टक्के चालत नाही, म्हणून धरा वीस मिनिटं. वीस रुपये. कटिंग, चेकिंग, इस्त्री, पॅकिंग धरून चाळीस म्हणू. तीच जर्सी दुकानात तीन-चार हजारांना लागते. सगळ्यांचा पगार दुप्पट केला तरी जर्सीमागे चाळीसच रुपये वाढतील. ते चाळीस रुपये ब्रँड देईना का, ह्याचं कारण गरिबी नाही. तो देत नाही कारण शेजारचा कारखाना दोन रुपये कमी घेऊन माल द्यायला तयार असतो, आणि तोही नाही म्हणाला तर पुढचा देश असतो.

म्हणून सर्टिफिकेट पाहून निर्धास्त होऊ नका. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस ह्या कपड्यांच्या कारखान्याला २०१२ साली एसए ८००० हे कामगारांना नीट वागवल्याबद्दलचं नावाजलेलं प्रमाणपत्र मिळालं आणि काही आठवड्यांतच, सप्टेंबरमध्ये, तिथे आग लागून अडीचशेहून जास्त माणसं मेली. ही बातमी वाचल्यावर मी माझे जुने रिपोर्ट काढून बसले होते, आपण कुठे कुठे 'आपत्कालीन दरवाजा: समाधानकारक' असं लिहिलंय ते बघायला. दरवाजा उघडा होता म्हणून तसं लिहिलं. मी गेल्यावर तो उघडा राहिला का, हे मी कसं सांगू?

आता बहिष्काराचं बघू. माल घेणं बंद करणं हे हत्यार आहे, पण ते कुणी आणि कधी उपसलं ह्यावर कुणाला लागतं ते ठरतं. सियालकोटचंच घ्या. त्या फोटोनंतर १९९७ ला अटलांटात करार झाला. त्यात आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, युनिसेफ आणि सियालकोटचे उद्योजक होते. शिलाई घरातून काढून केंद्रांत न्यायची, म्हणजे पोरं कामाला बसली तर दिसतील. हेतू चांगला होता. पण घर सोडून केंद्रात जाणं ज्या बायकांना शक्य नव्हतं, त्यांचं काम गेलं. पुढे २००६ ला तिथल्या सागा स्पोर्ट्स ह्या पुरवठादाराने चोरून घराघरांत माल दिल्याचं उघड झालं, तेव्हा नायकीने ऑर्डरच काढून घेतल्या. हजारो शिवणाऱ्यांचा रोजगार गेला. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

उलट उदाहरण होंडुरासचं आहे. रसेल अ‍ॅथलेटिक ह्या कंपनीच्या तिथल्या एका कारखान्यात कामगारांनी युनियन केली आणि कारखाना बंद झाला. कामगारांनी स्वतः अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना साद घातली. त्या विद्यापीठांच्या नावाचे टी-शर्ट रसेल बनवत असे. एकामागून एक विद्यापीठांनी परवाने रद्द केले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये कंपनीला नमतं घ्यावं लागलं. सुमारे १,२०० जणांना परत घ्यायचं आणि युनियन मान्य करायची असा समझोता झाला. इंडोनेशियातल्या पीटी किझोन कारखान्याचा मालक २०११ ला पसार झाला तेव्हा अडीच हजारांवर कामगारांची कायद्याची देणी बुडाली होती. तिथे माल बनवून घेणाऱ्या आदिदासचं म्हणणं, आम्ही आधीच तिथून ऑर्डर काढली होती. तिथेही विद्यापीठांनी करार तोडायला सुरुवात केल्यावर २०१३ ला तडजोड झाली.

दोन्हीकडे मागणी कामगारांची होती, कारखाना एकच आणि ठरलेला होता, आणि दबाव टाकणारा गिऱ्हाईक मोठा होता. ह्यातलं काहीच नसताना आपण एकट्याने बूट घेतला नाही, तर तो आपल्या मनाच्या समाधानाचा भाग. ते समाधान खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण बेळगावकडच्या त्या बाईपर्यंत ते पोचत नाही.

इथवरचं थोडक्यात: पोरगा बरोबर आहे. पण दोष एकट्या कारखान्याचा नाही, ऑर्डरच्या भावात आणि मुदतीत आहे. आणि बहिष्कार कामगारांनी मागितला असेल तर त्यात जीव असतो.

काही गोष्टी परिस्थितीवर असतात, त्यांवर मी एकच एक उत्तर देणार नाही. शेवटची जोडणी करणाऱ्या मोठ्या कारखान्यात स्थिती त्यातल्या त्यात बरी असते. त्याच्या मागे डाईंग, त्याच्या मागे सूतगिरणी, तिकडे कुणी फारसं बघत नाही. तमिळनाडूच्या काही गिरण्यांत 'सुमंगली' नावाखाली खेड्यातल्या मुली तीन-तीन वर्षं होस्टेलवर ठेवून राबवल्या गेल्या, लग्नासाठी शेवटी एकरकमी पैसे देऊ म्हणून. देशावरही बरंच असतं. चीन-व्हिएतनाममध्ये सरकारमान्य संघटनेबाहेर युनियन उभी करणं फार अवघड. आपल्याकडे कायद्याने वाट मोकळी आहे, फ्लोअरवर ती कितपत उरते हे मालकावर आणि बायकांच्या धीरावर. २०२२ ला तमिळनाडूत दिंडीगुलला एका पुरवठादाराशी आणि ब्रँडशी कामगार संघटनांनी करार केला. त्यात छळाच्या तक्रारी टिपायला फ्लोअरवरच्याच प्रशिक्षित बायका नेमायच्या असं ठरलं. माझ्यासारखी वर्षातून दोन दिवस येणारी पाहुणी जे बघू शकत नाही, ते त्यांना रोज दिसतं. मला आज परत काम करायचं झालं तर मी असल्या ठिकाणी करीन.

आणि महाग म्हणजे चांगला, किंवा देशी म्हणजे स्वच्छ, असं समजू नका. एकाच छताखाली महाग आणि स्वस्त दोन्ही बूट बनतात. जालंधरच्या वस्त्यांतही फुटबॉल घराघरांत नगावर शिवले जातात.

आता कोल्हापूर. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते. पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर मजुरी, बारा तासांची पाळी. बारा तासांची पाळी बघायला व्हिएतनामला जावं लागत नाही हे मला शाळेत असतानाच कळलं होतं. जून २०२५ मध्ये प्राडा ह्या इटालियन ब्रँडच्या मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि आपण सगळे पेटून उठलो. नाव दिलं नाही म्हणून राग आला, तो रास्तच होता. २०१९ पासून आपल्या चपलेला भौगोलिक मानांकन आहे. पण त्या महिनाभरात चप्पल लाईनला, आपल्या चपलांच्या बाजारात, उभं राहून एकानेही विचारलेलं मी ऐकलं नाही की ही वेणी विणणाऱ्या बाईला जोडामागे किती मिळतात.

आणि तुमच्या संघाची जर्सी? माझ्या मागच्या गल्लीत एक ताई घरात ओव्हरलॉक मशीन घेऊन बसतात. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की गुरुवारी रात्री छापलेल्या कापडाचं बंडल येतं आणि शनिवारी सकाळी माल हवा असतो. मॅच आहे, दुसरं काय. शुक्रवारी दुपारी फोन येतो की दोन नावं बदलली, एक नंबर चुकला, सात नाही सतरा. ते उसवून परत करायचं, त्याचे पैसे नाहीत. शुक्रवारी रात्री त्यांच्या घरातला दिवा दोन वाजेपर्यंत चालू असतो, पोरगी शेजारी बसून धागे कापत असते. जर्सी शिवून देणारा म्हणतो, तालमीवाले भाव पाडतात, मी काय करू. बिल कधी कधी स्पर्धा संपल्यावर, तेही बक्षिसाची रक्कम आली तर. ब्रँडच्या खरेदी खात्यात जे चालतं तेच इथे चालतं. फरक एवढाच की इथे खरेदी खातं म्हणजे तुम्ही.

बुटांचं पोरांना ठरवू द्या. पायाला नीट बसतो आणि दोन हंगाम टिकतो तो घ्यावा, दरवर्षी नवा घेऊ नये, एवढं मी सांगीन. ज्याला खोलात जायचंय त्याने बुटाच्या जिभेवरच्या लेबलवर देश बघावा आणि कंपनीच्या जाहीर यादीत तिथले कारखाने शोधावेत. ओपन सप्लाय हब नावाचा फुकट नकाशाही आहे. तिथल्या कामगारांची एखादी मागणी चालू असेल तर कंपनीला चार ओळी लिहाव्यात, संघाच्या नावाने.

जर्सीची ऑर्डर मात्र तीन आठवडे आधी द्या. नावं आणि नंबर एका कागदावर, कॅप्टनच्या सहीने, एकदाच. अर्धे पैसे आगाऊ, उरलेले माल ताब्यात घेताना, मॅचचा निकाल काहीही लागो. बदल केला तर त्याचे वेगळे पैसे. आणि शिवून घेणाऱ्याला विचारा, शिलाईला जर्सीमागे बाईला किती देतोस. तो म्हणेल, तुम्हाला काय करायचंय त्याच्याशी. तिरुपुरात पहिल्या दिवशी मलाही हेच ऐकायला मिळालं होतं. विचारायला जाताना तुमच्या डाव्या बॅकला बरोबर न्या.